गॅलीचं दार

गंगारामने ट्रेला तेलाचा हात फिरवला आणि शिजलेला खिमा त्यात ओतला. खिम्यात मनुका होत्या, सफरचंदाच्या फोडी होत्या आणि बायकोने, राजश्रीने घरून बांधून दिलेली आंबोशी होती. वाळवलेल्या कैरीच्या त्या फोडी त्याने सकाळीच भिजवून बारीक चिरल्या होत्या. चिलीच्या ज्या आचाऱ्याने त्याला हे पास्तेल शिकवलं, तो यात ऑलिव्ह घालायचा. रत्नागिरीत ऑलिव्ह शोधत कोण फिरणार? आंबोशीने काम भागायचं, आणि गंगारामला विचाराल तर ऑलिव्हपेक्षा चांगलं भागायचं. खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर द्यायचा, काट्याने त्यावर रेघा ओढायच्या, चिमूटभर साखर भुरभुरायची आणि ट्रे ओव्हनमध्ये सारायचा. साखर करपून तांबूस झाली की झालं.

बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात. गंगारामचं अर्धं आयुष्य परदेशी जहाजांवर भंडारी म्हणून गेलं. गुडघे बोलायला लागले तसा तो घराजवळच्या या टगवर आला. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ही बुटकी, दणकट बोट. त्या दिवशी कुठलं जहाज येणार नव्हतं आणि टग भाट्याच्या समोर नांगर टाकून उभी होती. कॅप्टन केरळचा. आदल्या दिवशी त्याला मुलगी झाल्याचा फोन आला होता, आणि तो गंगारामला म्हणाला होता, भंडारी, उद्या तुझं ते गोडतिखट पास्तेल कर, मी सगळ्यांना जेवू घालतो.

ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

गंगारामने गोल खिडकीतून पाहिलं. किनाऱ्याच्या फार आत, जिथे यायची परवानगीच नाही तिथे, यांत्रिक मासेमारीचा एक मोठा ट्रॉलर घुसला होता, आणि गावच्या लहान होड्यांनी त्याला चहूबाजूंनी घेरलं होतं. असले ट्रॉलर रात्री-अपरात्री यायचे, गाववाल्यांनी लावलेली जाळी बोटीच्या पंख्याखाली कापून निघून जायचे. मागच्या आठवड्यात गंगारामच्या मेव्हण्याची, रघूची जाळी अशीच गेली होती. गंगारामचा मुलगा ऋत्विक मामाच्याच होडीवर असायचा. त्या दिवशी तो जेवताना म्हणाला होता, "आता तक्रार करायची न्हाय. आता मारायचं." गंगारामने त्याला झापलं होतं. ऋत्विक ताटावरून उठून गेला होता.

आता होड्यांवरून दगड जात होते, बाटल्या जात होत्या. ट्रॉलरवरचे खलाशी बांबूने होड्या ढकलत होते आणि होडीच्या कठड्याला धरलेल्या हातांवर तेच बांबू हाणत होते. मग पेटता बोळा लावलेला एक कॅन ट्रॉलरच्या केबिनवर फुटला. ज्वाळा उठल्या. ट्रॉलरचं इंजिन किंचाळलं, तो जागच्या जागी वळला आणि समोरची होडी सुपारी फुटावी तशी फुटली. कुणाची होडी ते धुरात दिसेना.

ट्रॉलरवरून माणसं पाण्यात उड्या टाकू लागली. त्यांतला एक रिकाम्या कॅनला मिठी मारून लाटांबरोबर टगकडे आला. टगच्या खलाशांनी दोर टाकला, बाजूच्या टायरांवरून त्याला वर ओढलं. पस्तिशीचा माणूस. डोकं कानापासून कपाळापर्यंत उकललेलं, कान नुसता कातडीला लोंबत होता. गंगारामने त्याला गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात आणलं, कारण आतून कडी असलेलं दार तेवढंच. त्याने स्वयंपाकाची जाड फडकी त्याच्या डोक्याला गच्च बांधली. फडकी बघता बघता लाल झाली.

"नाव काय तुझं?"

"नितेश. मंडणगडचा. मना पोहता येत न्हाय, दादा."

"मग समुद्रावर कशाला आलास?"

नितेशने डोक्यावरची फडकी दोन्ही हातांनी दाबली. त्याचे दात वाजत होते.

तेवढ्यात टगच्या कुशीला होड्या आदळल्या. धावती पावलं डेकवर आली. कॅप्टन वर सुकाणूच्या खोलीतून वायरलेसवर पोलिसांना बोलावत होता. काच फुटली आणि त्याचं बोलणं थांबलं. टगच्या एका खलाशाला कुणीतरी पोटात लाथ घातली, त्याचा श्वास कोंडल्याचा आवाज आत ऐकू आला. मग गॅलीच्या दारावर लोखंड बसलं.

"कोण हाय आत? काढा त्याला बाहेर."

तो आवाज पाळण्यात होता तेव्हापासून गंगाराम ऐकत आला होता.

"ऋत्विक, मी आहे. परत जा."

दारावरचं लोखंड थांबलं.

"बाबा, दार उघडा. तुमचा यात संबंध न्हाय."

"माणूस अर्धा मेलाय. पोलिस येतायत, त्यांच्या ताब्यात देतो."

"रघूमामावर बोट घातली त्यांनी." ऋत्विकचा आवाज फाटला. "होडीचे दोन तुकडे झाले. मी फेकला गेलो, मामा खाली गेला. पंख्याखाली गेला, बाबा. मामा सापडत न्हाय."

गंगारामचा हात दारावरच राहिला. रघू त्याच्या बायकोचा भाऊ, पण त्याआधी त्याचा शाळेतला सोबती. खाडीत पोहायला रघूनेच त्याला शिकवलं होतं. तो जाणत्या माणसासारखा नाही, पोरासारखा वळला आणि कोपऱ्यात बसलेल्या नितेशकडे बघू लागला.

"सुकाणूवर कोण होतं?"

"तांडेल. मी जाळ्यावर होतो. देवाशप्पथ."

खरं असेल, खोटं असेल. खिमा चिरायची लांब सुरी ओट्यावर होती. ती आपल्या मुठीत कधी आली ते गंगारामला कळलं नाही. नितेशने सुरी पाहिली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले, मार खायची सवय असलेला माणूस घेतो तसे. पळायला जागा नव्हती आणि त्याने पळायचा प्रयत्नही केला नाही. ते हात बघून गंगारामला स्वतःची शिसारी आली. त्याने सुरी भांडी धुवायच्या टाकीत फेकली.

दाराची कडी तुटली.

ऋत्विक आत आला तो ओळखू येत नव्हता. अंगावर डिझेल आणि रक्त, हातात नारळ सोलायचा कोयता. मागे आणखी तिघे, पण दार अरुंद, एका वेळी एकच आत मावत होता. त्याने बापाला खांद्याने भिंतीवर दाबलं आणि कोयता उचलला. नितेशने आडवा हात धरला. पहिला वार त्या हातावर बसला. हाडावर पातं वाजलं. नितेश ओरडला नाही, हुं असं काहीतरी म्हणाला आणि हाताकडे बघत राहिला.

कोयता पुन्हा वर गेला. तेव्हा गंगारामने ओव्हन उघडलं. फडकी नितेशच्या डोक्याला होती. त्याने उघड्या हातांनी धगधगता ट्रे बाहेर ओढला आणि सगळ्या ताकदीनिशी मुलाच्या मनगटावर हाणला.

कोयता उडाला. उकळता खिमा आणि बटाटा ऋत्विकच्या मानेवर, दंडावर, छातीवर पडला आणि चिकटून बसला. तो असा किंचाळला की दारातले तिघे मागे सरले. गंगारामच्या तळहातांची कातडी ट्रेलाच राहिली होती, पण ते त्याला मागाहून कळलं. ऋत्विक मानेवरचा लगदा ओरबाडत होता आणि त्याबरोबर कातडी निघत होती. मग त्याने बापाला मारलं. बंद मुठीने, तोंडावर. एकदा, पुन्हा, पुन्हा. गंगारामचा दात तुटून जिभेवर आला. त्याने हात उचलला नाही. तो मार खात खात पुढे सरकला आणि त्याने मुलाला मिठी घातली, भाजलेल्या हातांनी, भाजलेल्या अंगाला. दोघंही कळवळले.

"सोडा मला."

"नाही सोडत."

"मामा गेला, बाबा."

"गेला. तू जाऊ नको."

ऋत्विक धडपडला, मग त्याने अंग सोडून दिलं. दोघं खिम्यात आणि रक्तात खाली बसले. तिघांपैकी एकाने पोलिसांची बोट येतेय म्हणून हाक दिली आणि तिघंही होड्यांकडे पळाले. ऋत्विकला पळता आलं असतं. तो बसून राहिला.

नितेश जगला. त्याचा हात राहिला, पण दोन बोटं कायमची आखडली. कॅप्टनच्या डोळ्याला काच लागली होती, तोही बरा झाला. ट्रॉलर आणि त्याच्या तांडेलाला पोलिसांनी धरलं. ऋत्विकलाही धरलं. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने गंगारामला हळूच सुचवलं, झटापटीत कुणाचा वार कुणाला लागला, नीट दिसलं नाही असंही होतं माणसाचं. गंगारामने जे झालं ते सांगितलं. पहिला वार, दुसरा उगारलेला वार, आणि ट्रे.

ते राजश्रीला कळलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. भाऊ गेला, मुलगा आत. ती नवऱ्याशी बोलायची थांबली. पण त्याच्या दोन्ही हातांना बँडेज होतं, त्याला स्वतःच्या हाताने खाता येत नव्हतं. ती दोन्ही वेळा पेज कालवून आणायची, त्याच्यासमोर बसायची आणि भिंतीकडे बघत त्याला एकेक घास भरवायची. पाणी पाजायची. तोंड पुसायची. शब्द काढायची नाही. गंगारामही मागायचा नाही.

हातांचं बँडेज सुटल्यावर तो तुरुंगात मुलाला भेटायला गेला. जाळीच्या पलीकडे ऋत्विक उभा होता. मानेवरची कातडी गुलाबी, सुरकुतलेली झाली होती. 

"तो जगला?" ऋत्विकने विचारलं.

"जगला. मंडणगडला गेला."

"वकील म्हणाला, तो मेला असता तर मी सुटलो नसतो कधी."

"हं."

"म्हणून मारलंत मला?"

गंगारामने विचार केला. हो म्हणणं सोपं होतं.

"तेव्हा एवढं डोक्यात नव्हतं," तो म्हणाला. "मी पण सुरी उचलली होती, तू यायच्या आधी. मग माझ्याच्याने झालं नाही. आणि तू करताना बघवलं नाही."

ऋत्विकने जाळीला कपाळ टेकलं.

"मामा कुठे मिळाला?"

"खाडीच्या तोंडाशी. दुसऱ्या दिवशी, भरतीला."

"मला कुणी बघू दिलं न्हाय. कसा होता?"

गंगारामने आधी ठरवलं होतं, विचारलं तर शांत झोपल्यासारखा होता असं सांगायचं. पण मुलगा त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि हा मुलगा त्या होडीत मामाच्या शेजारी बसलेला होता. तेव्हा त्याने रघूच्या पाठीचं काय झालं होतं ते सांगितलं, पायाचं सांगितलं. चेहऱ्याला मात्र काही झालेलं नव्हतं, तेही सांगितलं. राजश्रीने कुणालाही हात लावू न देता भावाला एकटीने धुतलं, हेही सांगितलं.

"तुमचे हात असे," ऋत्विक म्हणाला. "खांदा कुणी दिला?"

"खांद्याला काय झालं होतं? मी दिला. तुझ्या जागी मृणाली उभी राहिली."

मृणाली म्हणजे ऋत्विकची बायको. ऋत्विक तिथेच खाली बसला आणि पहिल्यांदा रडला. गुडघे दुखत होते तरी गंगारामही जाळीच्या अलीकडे जमिनीवर बसला, आणि पहारेकरी वेळ संपली म्हणून सांगायला येईपर्यंत तसाच बसून राहिला.