तानबाच्या गाडीचा नंबर

रूपरावांनी आयुष्यात एकदाच कुणाच्या कानशिलात लगावली होती, तीही स्वतःच्या लग्नाच्या मांडवात. पंगतीतला एक जण म्हणाला होता, "जेवा पोटभर, चोराच्या घरचं हाय." तेव्हापासून आर्वीच्या त्या टापूत हा विषय त्यांच्यासमोर कुणी काढला नाही. पाठीमागे काढायचं कुणी थांबलं नाही, ती गोष्ट वेगळी. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

विषय होता गोठ्यामागच्या बसचा. पुढे लांब नाक, आत सागवानी सांगाडा. अशी दुसरी बस आपण कुठे पाहिली नाही, असं नागपूरहून आलेल्या ज्योत्स्नाबाई सांगत होत्या. जुन्या गाड्यांचं मूळ शोधणं हा त्यांचा उद्योग. रूपरावांचे वडील तानबा हे ताराचंद शेठच्या बस सर्व्हिसवर ड्रायव्हर होते. खासगी गाड्या बंद होऊन सरकारी एसटी आली, त्या धांदलीत शेठची एक बस नाहीशी झाली. आणि काही वर्षांनी तानबाच्या दारात बस दिसली. ही मी नागपूरच्या भंगारातून आणली, असं तानबा मरेपर्यंत सांगत राहिला. रूपरावांनी बापाच्या शब्दावर कधी शंका घेतली नाही.

आज निकाल लागणार होता. शेठचा नातू प्रफुल दुकान बंद ठेवून आला होता. त्याच्या हातात जुना परवाना होता, आणि त्यावर हरवलेल्या गाडीचा चेसिस नंबर. बोलावणं खुद्द रूपरावांचंच. मुलगा अंकुश कालपासून नको नको करत होता.

"झाकली मूठ राहू द्या ना बाबा."

"मूठ झाकून झाकून बोटं आखडली माही," रूपराव म्हणाले.

गाडीवरची नंबराची पाटी कधीचीच गहाळ झालेली. पण कारखान्याचा चेसिस नंबर खालच्या लोखंडी पट्टीवर ठोकलेला असतो, असं म्हणत ज्योत्स्नाबाई टॉर्च घेऊन वाकल्या.

"उजव्या पुढच्या चाकाच्या आत असायला हवा," त्या म्हणाल्या. "पण इथं शेंदराचा थर आहे. चांगला बोटभर जाड."

"त्याले हात नोका लावू बाई," आनंदाबाई, रूपरावांची बायको, दारातून ओरडली. "थो गाडीचा देव हाय!"

रूपराव समजावून सांगू लागले. दसऱ्याला बाकीचे लोक गाडीच्या नाकावर स्वस्तिक काढतात, हार घालतात. तानबाची रीत निराळी. तेलात कालवलेला शेंदूर चाकाच्या आतल्या पट्टीवर थापायचा, आणि जुना थर कधी खरवडायचा नाही. "गाडीचा जीव तेथं असते," असं बाप म्हणायचा. दहाव्या वर्षापासून हे काम रूपरावांकडे होतं, कारण पोराचा हात लहान, सहज आत जायचा.

सांगता सांगता त्यांची जीभ अडखळली.

जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं देव काऊन बसवला असंल? लहानपणी हे विचारलं तेव्हा बापानं डोळे वटारले होते. ज्याला रूपराव पूजा समजत आले, ते काय होतं, हे त्यांना भर दुपारी, चार माणसांसमोर कळून चुकलं.

"आईचं बरोबर हाय," अंकुश घाईनं म्हणाला. "देव कायले उखडता?"

प्रफुलनं हात जोडले. "काकाजी, मी तुमच्या देवाले दुखावत नाई. तुम्ही म्हनान तसं."

एक 'नको' पुरला असता. प्रफुल आल्या पावली परत गेला असता, आणि तानबाचं नाव होतं तसं राहिलं असतं. रूपरावांच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. पण त्यांना बापाचा राग आला, असा की तोंड कडू झालं. बापानं चोरी केली असेल, ती त्याची त्याच्यापाशी. ती लपवायला पोराला जुंपलं, आणि वर देवालाही कामाला लावलं!

"उलथनं आन वो," त्यांनी बायकोला सांगितलं, आणि पंच्याहत्तरी उलटलेला तो माणूस स्वतःच गाडीखाली शिरला.

बराच वेळ नुसतं खरवडणं ऐकू येत होतं. मग खपलीसारखा एक थर निघाला. आतलं लोखंड तेलानं राखलेलं, कालच ठोकल्यासारखे आकडे.

"चार," रूपराव आतून म्हणाले. "एक. सात."

प्रफुलचं बोट कागदावर सरकत होतं.

"शून्य."

शेवटचा आकडा उरला. रूपरावांना तो स्पष्ट दिसत होता. आठचा तीन म्हटला असता तरी बाहेर कुणाला कळलं नसतं. आनंदाबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

"आठ," रूपराव म्हणाले.

प्रफुलनं कागदाची घडी घातली. "जुयते, काकाजी. पाचही आकडे." आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, घाईघाईनं, "जाऊ द्या ना. आमच्या आजोबानं खुशीनं देल्ली होती, असं लिहा मॅडम. गाडी इथंच राहू द्या. आमची ना नाई."

ज्योत्स्नाबाईंचा पेन वहीवर थांबला. रूपराव कोपरांवर सरपटत बाहेर आले आणि तिथंच मातीत बसले.

"लिहा बाई," ते म्हणाले. "तानबा ड्रायव्हरनं शेठची गाडी चोरली."

अंकुशनं मान फिरवली.

"अन् हे कोनं सांगतलं, थे बी लिहा. त्याच्या पोरानं."