तेविसावी बाटली

आमच्या वसाहतीतले लोक नाकाने कांदे सोलतात, आणि त्यांचा अध्यक्ष माझा नवरा आहे. घरात मी त्याला अरेतुरे करते, पण या गोष्टीपुरता मान देते, कारण मानाची हौस त्यांना फार.

नाल्यापलीकडच्या वस्तीतली पोरं नशा करतात, आपल्याकडची सगळी धुतल्या तांदळासारखी, असं अध्यक्ष दर सभेत सांगत. ‘व्यसनमुक्त वसाहत’ अशी पाटीही त्यांनी रंगवून घेतली होती. ती फाटकावर लावायला फक्त आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता, आणि तो मी लिहिणार होते. सांडपाण्यात उतरलेली नशा मोजणं हे माझं काम. सभेत लोक काय वाट्टेल ते बोलतात; संडासात कुणी भाषण करत नाही.

शनिवारी सकाळी दहाला, अध्यक्षांची गाडी बाहेर असताना, मी मुख्य गटाराचं झाकण उघडून आत यंत्र टांगलं. ते तासाला एक बाटली भरतं. चोवीस तास, चोवीस बाटल्या. कुणाला सांगायचं नसतं, मी सांगितलंही नाही. रविवारी सकाळी बघते तर गाडी नेमकी झाकणावर उभी.

आठच्या चहाला मी म्हटलं, “दहाच्या आत गाडी हलव. गटारातला नमुना काढायचाय.”

“कसला नमुना?”

“तुझ्या पाटीसाठीचा.”

“आज? दहाला?”

“हो, दहाला.”

अध्यक्षांनी अर्धा चहा तसाच ठेवला. पोट बिघडलंय म्हणून बाथरूममध्ये गेले, ते पाऊण तासाने बाहेर आले. फ्लशचा आवाज पाच-सहा वेळा ऐकू आला. मी त्यांच्यासाठी पोटाची गोळी काढून ठेवली. इतकी मूर्ख मीही असू शकते.

चौथ्या दिवशी आकडे हातात आले. अंगातून गेलेली नशा मोडून बाहेर पडते. न घेता ओतलेली जशीच्या तशी सापडते. बाकीच्या बाटल्यांत वसाहतीची रोजची नशा होती, मागे मोजलेल्या पलीकडच्या वस्तीइतकीच, किंबहुना थोडी जास्तच. तेविसाव्या बाटलीत मात्र कुणीतरी अख्खी पुडी ओतल्याचं दिसत होतं. रविवार, सकाळी आठ ते नऊ.

सांडपाण्यावरून घर ओळखता येत नाही. एकशेचाळीस घरांचं पाणी तिथे एकत्र होतं. पण दहाला नमुना काढणार हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं; यंत्र शनिवारपासूनच बाटल्या भरतंय, हे त्यालाही नाही. मला वाईट वाटलं नाही, किळस आली. इतकी वर्षं गटारात हात घालतेय, तिथे कधी आली नव्हती.

संध्याकाळी जेवताना अध्यक्षांनी विचारलं, “काय मग, पाटी लावू ना?”

“नको. अहवाल दुपारीच पाठवला. नेहमीची नशा आहेच, शिवाय कुणीतरी पुडी फ्लश केली आहे.”

“पलीकडच्यांचं काम असणार.”

“त्यांचं गटार वेगळं आहे.”

“आणि पुडी फ्लश केली हे तुला कसं कळलं?”

“बाटलीवरून कळतं. वेळसुद्धा कळते.”

त्याने ताटात मान घातली आणि जेवत राहिला. कोणती वेळ, ते त्याने विचारलं नाही.