बुटांची साक्ष

आरी तिसऱ्यांदा अंगठ्यात घुसली, तेव्हा बूटवाल्या काकूंनी हातातला बूट खाली ठेवला आणि बोटाला चिंधी बांधली. मैदानाला लागून असलेल्या या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर बसून त्यांनी तीस वर्षं क्लबचे बूट शिवले होते. त्यांचं रक्त कुठल्या बुटाला लागलं नव्हतं. आज लागलं, आणि तेही भोपळ्याच्या.

भोपळा म्हणजे यंदा आणलेला आघाडीचा खेळाडू. अकरा सामने झाले, एक गोल नाही. भोपळा काही फुटेना, म्हणून प्रेक्षकांनी त्याचं नावच भोपळा ठेवलं. मॅनेजरांनी या मोसमात तिघांना आणलं होतं. गोलकीपर भिंतीसारखा निघाला, बचावातला ठेंगू मुंगीसारखा चिवट. पण घास कितीही गोड असो, दाताला आठवतो तो खडाच. आज चार वाजता सामना, आणि सामना संपला की कार्यकारिणीची बैठक. विषय एकच: मॅनेजरांनी केलेली निवड. त्यांना ठेवायचं की निरोप द्यायचा.

आणि भोपळ्याला होकार दिला होता काकूंनी.

मॅनेजरांची रीतच होती ती. खेळाडू मनात भरला की त्याचे जुने बूट मागून आणायचे आणि काकूंसमोर ठेवायचे. "काकू, काय म्हणतात हो हे?" काकू तळ उजेडाकडे धरायच्या. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पायानं नाही. अंगठ्याखाली झिजला तो झेपावणारा, कडेला झिजला तो वळणारा, टाचेशी झिजला तो थांबून बघणारा. आघाडीसाठी दोघांत मॅनेजरांचं मन अडलं होतं. भोपळ्याच्या बुटाचा अंगठा झिजून कागदासारखा झालेला. "हाच घ्या," काकू म्हणाल्या होत्या. "झडप घालेल बघा."

आता त्याचाच नवा जोड त्यांच्या हातात होता. अंगठा कोरा करकरीत. टाच मात्र सपाट.

भोपळा बूट न्यायला आला तसं त्यांनी विचारलं, "बाळा, ते आधीचे बूट तू किती दिवस वापरलेस?"

"मॅनेजरांनी मागितले ते? ते दादाचे होते, काकू." तो ओशाळला. "माझे पार फाटले होते. तसले कसे दाखवायचे? म्हणून दादाचे पुसूनबिसून दिले."

"दादा कुठं खेळायचा?"

"अगदी पुढं. मी त्याच्या मागं, त्याला चेंडू पुरवायचो. इथं आल्यावर पुढं उभं केलं. नाही कसं म्हणायचं?"

एकीचा हात बघून दुसरीचं भविष्य सांगावं, तसं केलं होतं त्यांनी. सांगावं, तर तीस वर्षांच्या शब्दाची माती. न सांगावं, तर मॅनेजरांचं बिऱ्हाड संध्याकाळी उठणार. दोऱ्याला मेण लावता लावता ओठांवर जुनीच ओळ आली:

*टाचेला घालते टाका, दूर जाऊ दे गं पाय,*
*ज्याची वाट त्याला ठावी, शिवणारीला ठावं काय?*

रोज गुणगुणायची ओळ, आज दोऱ्यासोबत खाली ठेवली. त्या उठल्या.

मॅनेजर फळ्यावर अकरा टाचण्या लावत होते. डोळे रात्रभर जागल्यासारखे. काकूंनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"सामन्याला दोन तास राहिलेत, काकू."

"मला तरी आत्ताच कळलं, भाऊ."

मॅनेजर फळ्याकडे वळले. मग कोरडं हसले. "म्हणजे मी एक आणला आणि आला दुसराच." त्यांनी भोपळ्याची टाचणी उपटली, मधल्या एकाची काढून तिच्या जागी, चार बोटं मागं, खोवली. पुढच्या जागी आजोबांची टाचणी लावली. आजोबा म्हणजे संघातला सगळ्यांत वयस्क, चौतीस वर्षांचा, वर्षभर बाकावर बसलेला.

काकूंनी सामना पाहिला नाही, ऐकला. खिडकीतून शिट्ट्या, शिव्या, मग लांबलचक शांतता. हातात बूट होता, टाका पडत नव्हता. अचानक छप्पर उडेल असा आरडाओरडा. बाहेरून कुणीतरी ओरडून सांगितलं, भोपळ्याच्या पासवर आजोबांनी गोल केला होता. काकूंनी हात जोडले. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांचा गोल. एक-एक.

बैठकीची खोली पलीकडेच. दार पुरतं लागलं नव्हतं.

"बरोबरीनं वर्षाचं अपयश धुतलं जात नाही," अध्यक्ष म्हणत होते. "हा खेळाडू कुणाच्या सल्ल्यानं आणलात?"

"माझ्याच."

काकूंनी निवडीपासून फळीवरच पडून असलेला दादाचा जोड उचलला, दुसऱ्या हातात सामन्यानंतर भोपळ्यानं आणून ठेवलेला त्याचा, आणि दार कोपरानं ढकललं.

"त्यांच्या नाही. माझ्या."

मॅनेजर उठले. "काकू, राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? चूक माझी, आणि निस्तरायची तुम्ही?" त्यांनी दोन्ही जोड टेबलावर उलटे ठेवले, आणि बोटानं दाखवत सगळं सांगितलं.

एका सभासदांनी नाक दाबलं. "वा! आता संघ काय आरी-दोऱ्यानं बांधायचा?"

"दोऱ्यावाचून काय बांधलंय हो तुम्ही आजवर?"

कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एक तळ पाहिला, मग दुसरा. अंगठ्यावरून बोट फिरवलं. टाचेवरून फिरवलं.

"खेळाडू वाईट नव्हता," शेवटी ते म्हणाले. "जागा चुकली." बूट खाली ठेवत त्यांनी मॅनेजरांकडे पाहिलं. "पुढच्या मोसमात नवीन गडी घेताना काय करणार आहात?"

पुढच्या मोसमात. मॅनेजरांनी खुर्चीची पाठ धरली. मग काकूंकडे पाहिलं.

काकूंनी बोटाच्या चिंधीची गाठ घट्ट केली.

"आधी विचारीन," त्या म्हणाल्या, "बूट कुणाचे."