गोमाजीने शिवलेला पडदा

"घट धर गो. तान नको देव, निसता धरून ऱ्हा."

मनुबाईने पडद्याची फाटकी कड दोन्ही मुठींत धरली आणि तोंड फिरवून एक सणसणीत शिंक दिली. पडद्यामागे वीस वर्षांची धूळ साचली होती. नवरा डोअरकीपर म्हणून तिने या थेटरात फुकटात चारपाच सिनेमे पाहिले होते, पण पडद्याला पाठही असते हे तिला आज कळत होतं.

"यवरी बारीक भोकं कशाला पारल्यान याला?"

"आवाज येवाला. भोंगे मागं असतान ना."

"मंग पोरांनी फारला त्यान नवल काय? आदीच पिठाची चालन हाय ती!"

एरवी गोमाजी हसला असता. पण शनिवारपासून त्याला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. दात काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि अर्धं तोंड आपलं राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

शनिवारची भानगड अशी. एकच प्रिंट कल्याणच्या आणि ठाण्याच्या या थेटरात मिळून चालायची. तिकडे रिळं दाखवून झाली की मोटरसायकलवर घालून इकडे आणायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि पब्लिकला पत्ताही नव्हता. त्या दिवशी वाटेत पुलावर ट्रक उलटला, रिळं तिकडे अडकली आणि इकडे सहाच्या खेळाचं इंटर्वल संपेचना. वीस मिनिटं लोकांनी शिट्ट्या मारल्या. चाळिसाव्या मिनिटाला सोड्याच्या बाटल्या उडाल्या. मग खुर्च्या उखडल्या, रेक्झिन ब्लेडने टराटरा फाडलं, बाहेरच्या फोटोंच्या काचा फुटल्या. दोन पोरं स्टेजवर चढली आणि त्यांनी पडदा आठ हात उभा चिरला. गोमाजी खाली उभा राहून "अरं नको रं, नको" म्हणत होता. कुणीतरी त्याला ढकललं. दोन खुर्च्यांच्या मधे पडल्या पडल्या त्याने ती चीर वरून खाली येताना पाहिली. पोलीस आले तेव्हा अर्धं पब्लिक घरी जाऊन जेवायला बसलं असेल.

रविवारी मॅनेजर आनंदराव प्रधानांनी सगळ्यांना गोळा केलं. "नव्या पडद्याशिवाय खेळ नाही, आणि खेळ नाही तर थेटर कशाला, असं शेठ म्हणताहेत. जागा घ्यायला बिल्डर टपलेलाच आहे," असं ते म्हणाले. प्रधान त्यापुढेही बरंच काही बोलले, पण गोमाजीचे कान तिथेच बंद झाले होते. बाळकुमच्या खाडीतली मासळी कारखान्यांच्या पाण्याने कधीच संपली होती. होडी काठावर सडली, तेव्हा त्याने या दारात उभं राहायला सुरुवात केली होती. आता बावन्नाव्या वर्षी त्याला दुसऱ्या कुठल्या दारात कोण उभं करणार?

त्याचा बाप धाकू नाखवा सांगायचा, फाटलं जाळं तसंच ठेवू नये, घर बसतं. मासळी गेली, जाळी गेली, पण हे बोलणं गोमाजीच्या हाडात उरलं होतं. सोमवारी सकाळी तो नायलॉनचा दोरा, सुया, पांढऱ्या कापडाची पट्टी आणि बायको घेऊन थेटरात आला. चावी त्याच्याकडेच असायची.

शिवायची त्याची तऱ्हा कोळ्याचीच. मागून पट्टी लावायची आणि सुई फक्त त्या आवाजाच्या भोकांतून घालायची. पडद्याला एकही नवं भोक पाडायचं नाही. जाळं सांधताना जो डोळा आहे त्यालाच धरून जायचं असतं, आपल्या मनाचा नवा पाडायचा नसतो. सोमवार गेला, मंगळवार गेला. मनुबाईचे हात भरून आले, तरी तिने कड सोडली नाही. वरच्या चार हातांसाठी शिडी लावली, तेव्हा तर ती एका हाताने कड आणि एका हाताने नवरा धरून उभी होती.

मंगळवारी संध्याकाळी प्रधान आले. मनुबाई तेव्हा भाकरी करायला घरी गेली होती. गोमाजीने दिवे लावले. प्रधान पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि तिथून पाहत राहिले. शिवण कुठे आहे ते त्यांना सापडेना.

"गोमाजी, हे तुम्ही केलंत?"

"हां साहेब. शुक्रवारी खेल लावा."

प्रधान एका शाबूत खुर्चीवर मटकन बसले. माणूस सज्जन होता, म्हणून त्याला बोलायला वेळ लागला.

"अहो, मी रविवारी काय सांगत होतो? उद्या विम्याचा माणूस पाहणीला येतोय. पडदा निकामी झाला असं त्याने लिहिलं, तरच विमा मिळणार. त्यातूनच पडदा, खुर्च्या, सगळं नवं व्हायचंय. हे असं दिसलं तर तो काय लिहील? शेठ एक दमडी घालणार नाहीत हो. थेटर बंद करतील."

"मंग आता?"

"आता काय... उसवा."

गोमाजी हातातला उरलेला दोरा गुंडाळू लागला.

"मला सांगायला लाज वाटते," प्रधान म्हणाले. "पण इथे बावीस माणसं कामाला आहेत. नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून कात्री लावून..."

"कातर नको," गोमाजी म्हणाला. "मी करतंय."

बुधवारी सकाळी त्याने शिवण उसवली. दोन दिवसांचं काम दीड तासात निघालं. प्रत्येक टाका त्याने सुईच्या टोकाने उचलला आणि दोरा अलगद ओढला. घाईने ओढला असता तरी चाललं असतं, उलट बरंच झालं असतं, पण त्याच्या हाताला ते जमेना. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याला मधूनमधून वाटत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. शेवटचा टाका निघाला आणि पडदा शनिवारसारखा दोन्हीकडे लोंबला. नवं भोक एकही नव्हतं. इथे कधी सुई लागली होती हे देवालाही कळलं नसतं.

अकराला विम्याचे ओकसाहेब आले. पिकलेले केस, हातात फाईल, बोलणं मऊ. त्यांनी खुर्च्या मोजल्या, काचा पाहिल्या आणि पडद्याशी येऊन चष्मा वर केला.

"अरेरे, काय ही नासधूस! तुम्ही होतात ना त्या वेळी हजर?"

"व्हतो."

"मग साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवतो." ओकसाहेबांनी कागद लांब धरला. "सदर पडदा प्रेक्षकांनी धारदार शस्त्राने फाडला असून तो शिवून वा अन्य प्रकारे दुरुस्त करून वापरता येण्यासारखा नाही." मग त्यांनी कागद खाली केला आणि अगदी सहज विचारलं, "बरोबर ना हो? शिवून नाही ना होणार हे?"

प्रधान खिडकी नसलेल्या भिंतीकडे पाहू लागले.

गोमाजीने आपल्या बोटांकडे पाहिलं. दोऱ्याने कापलेल्या रेषा अजून लाल होत्या. त्याने हात पाठीमागे घेतला.

"नाय साहेब," तो म्हणाला. "कोनाच्या बापाला नाय जमाचं."

आणि मग पाठीमागचा हात पुढे काढून त्याने सही केली. गोमाजी धाकू नाखवा. बापाचं नाव लिहिताना पेन जरा अडलं.

"पुढच्या महिन्यात सुरू करू," प्रधान दारापर्यंत सोबत येऊन म्हणाले. त्यांनी गोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. गोमाजीला त्याचं ओझंही जाणवलं नाही.

घरी मनुबाई वाटच पाहत होती. दोन दिवस भरून आलेल्या हातांनी तिने मुद्दाम कालवण केलं होतं. ताट वाढून ती समोर बसली.

"साहेब आल्ते का? काल तुमीच बोल्लेले ना, कोन मोटा साहेब बगाला येनार?"

"आल्ते."

"पडदा बगितलान?"

"बगितलान."

"मंग? काय बोल्लं?"

गोमाजीने घास गिळला. त्याला वेळ लागला, तशी ती थोडी पुढे सरकली.

"बोल्लं, असा हात बगितला नाय."

मनुबाईने त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, पदराला हात पुसले आणि उठून मागच्या दारी गेली. शेजारची चंद्रभागा तिथे भांडी घासत होती.

"चंद्रे, आयकलं का? मोट्या साहेबानं नावाजलं यांना! आनी कड कोनी धरलेली? दोन दिस मी धरलेली!"

चंद्रभागा काहीतरी म्हणाली. मग दोघी मोठ्याने हसल्या. गोमाजी ताटातले काटे वेचून एका बाजूला ठेवत राहिला.