खरामा खरामा

हळू चालण्यासाठी तात्यासाहेब औताड्यांकडे जितके शब्द होते, तितके शब्दकोशातही सापडायचे नाहीत. आणि ते सगळे त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवले होते. ते माणूस म्हणजे त्यांची बायको, द्वारकाबाई. मन प्रसन्न असलं तर ‘रमतगमत’. चार पाहुण्यांत असले तर हसत हसत ‘आमची गजगामिनी’. घाईत असले की ‘मुंगीच्या पावलानं’. आणि डोकं फिरलं की ‘खरामा खरामा’. हा शब्द ते असा दात खाऊन म्हणत की ऐकणाऱ्याला शिवीच वाटावी. वास्तविक किती ऐटबाज शब्द तो, अत्तर लावून बागेत फिरणाऱ्यांसाठी केलेला. पण तात्यासाहेबांच्या तोंडी पडला आणि बिचाऱ्याची अब्रू गेली.

स्वतः तात्यासाहेबांच्या पायाला भिंगरी. चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझरकीत जन्म गेला. निवृत्त झाले तरी पाळीचा भोंगा काही डोक्यातून जाईना. गारखेड्याच्या घरात ते चहा उभ्यानं पीत, पेपर येरझाऱ्या घालत वाचत. बाहेर निघाले की ते पुढं आणि द्वारकाबाई मागं. त्यांच्या वडिलांचं असंच, चुलत्यांचंही असंच. बायकोच्या बरोबरीनं चालणाऱ्याला भावकीत हसत. नजर पुढं ठेवून आवाज तेवढा मागं टाकायचा, ही रीत. ‘पाय उचल’ म्हटलं की मागून ‘आले’ असं यायचं आणि तेवढ्यावर आजवरचा संसार बिनबोभाट चालला होता.

त्या दिवशी पैठणला पुतण्याचा, ऋतुराजचा साखरपुडा होता. घरातले वडीलधारे म्हणून सुपारी तात्यासाहेबांच्या हातून फुटायची होती. त्यामुळं पहाटेपासूनच ते गरम तव्यावर उभं असल्यासारखे नाचत होते. मध्यवर्ती बसस्थानकाशी रिक्षा थांबते न थांबते तोच त्यांनी पिशवी उचलली. फलाटाला पैठणची गाडी लागलेली आणि दाराशी लग्नसराईची झुंबड. तात्यासाहेब पळत सुटले. खिडकीतून आधी रुमाल टाकला, मग पिशवी टाकली, मग कोपरं मारत आत घुसले आणि दोन जागा धरून बसले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना.

“सगळे आले का? कुणाचं कुणी राह्यलंय का खाली?” वाहकानं विचारलं.

“आलीय, मागंच हाय,” तात्यासाहेब समोर बघत म्हणाले. “चला लवकर, लई उशीर झाला.”

घंटी वाजली आणि गाडी निघाली. रेल्वे स्टेशन मागं पडलं, महानुभाव आश्रमाचा चौक जवळ आला, तेव्हा कुठं वाहक त्यांच्यापाशी पोचला.

“दोन पैठण,” तात्यासाहेब म्हणाले.

“दुसरं कोण?”

तात्यासाहेब वळले. शेजारच्या जागेवर पिशवी होती. मागच्या बाकावर कॉलेजची पोरं होती. त्यांनी उठून पार शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली आणि ‘गाडी थांबवा’ म्हणून ओरडले.

चौकात उतरून त्यांनी आधी फोन लावला. पिशवीतच घंटी वाजली. ‘तू हरवशील’ म्हणून द्वारकाबाईंचा फोन घरून निघतानाच त्यांनी आपल्याकडे घेतला होता. आता चौकातली रिक्षासुद्धा त्यांना लवकर मिळेना, आणि मिळाली ती सिग्नल सोडेना. “दादा, जरा पळव ना,” ते दर वळणावर म्हणत. रिक्षावाला म्हणाला, “चाचा, समोर ट्रक है, उडू का आता?”

स्थानकात शिरले तेव्हा पहिल्यांदा त्यांना भीती वाटली, खरीखुरी. माणसांचा एवढा समुद्र आणि त्यात एक बाई, जिच्याजवळ ना फोन, ना पिशवी. ते या फलाटावरून त्या फलाटावर धावले, रसवंतीत डोकावले आणि शेवटी चौकशीच्या खिडकीशी येऊन धापा टाकू लागले.

आत बसलेली मुलगी शांत होती. “नाव सांगा काका.”

“द्वारकाबाई औताडे.”

“साडी कोणत्या रंगाची?”

“हिरवी असंल. नाय, निळी. नाय, थांबा.”

“घरून सोबतच निघालात ना?”

“व्हय, पण मी पुढं व्हतो.”

मुलीनं ज्या नजरेनं बघितलं तिच्यापेक्षा दोन शब्द ऐकवले असते तरी परवडलं असतं. “बरं, ओळखायची दुसरी काही खूण?”

“चालती लई हळू. म्हणजे खरामा खरामा. रमतगमत. डुलत डुलत म्हणा ना.” शब्दांचा त्यांना तोटा नव्हता. आत्ता ते कवडीच्या उपयोगाचे नाहीत, हे बोलता बोलताच त्यांना कळत होतं आणि तोंड काही थांबत नव्हतं.

“काका, इथं सगळे बसलेत,” मुलगी म्हणाली. “चालतंय कोण?”

तिनं भोंग्यावरून पुकारा केला: द्वारकाबाई औताडे जिथं असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावं. “आता इथंच थांबा, काका. हलू नका.”

थांबायचं? तात्यासाहेबांना साधं पोळी भाजेपर्यंत थांबवत नसे. घटकाभर ते खिडकीशी चुळबुळले, बोटं मोडली, घड्याळ बघितलं. बायको काही येईना. मनात नको ते येऊ लागलं: चक्कर आली असेल, कुणी फसवून नेली असेल, भलत्याच गाडीत बसली असेल. शेवटी राहवेना म्हणून ते पुन्हा शोधायला निघाले. बायकांच्या एकेका घोळक्यात वाकून बघू लागले आणि दोघींच्या शिव्या खाऊन पुढं सरकले.

तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. “तात्यासाहेब औताडे, आपल्या पत्नी चौकशी खिडकीजवळ आपली वाट पाहत आहेत. कृपया आता तिथंच यावं आणि कुठंही जाऊ नये.”

सगळं स्टँड हसलं. तात्यासाहेब मान खाली घालून आले. द्वारकाबाई खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. साडी जांभळी होती, केशरी काठाची. तात्यासाहेबांना रडू आल्यासारखं झालं आणि सवयीनं ते राग होऊन बाहेर पडलं.

“कुठं व्हतीस?”

“पाण्याच्या नळापाशी. तुमची गाडी जाताना बघितली. म्हटलं, आज ना उद्या येतीलच.” त्या उठल्या. “चला, ती बघा दुसरी लागली, पलीकडं.”

तात्यासाहेब निघाले, दोन पावलं टाकली आणि थांबले. पाठीमागं कोणी नसण्याचा तो गाडीतला क्षण अजून त्यांच्या अंगातून गेला नव्हता.

“तू हो पुढं,” ते म्हणाले.

“मी? काहीतरीच तुमचं. लोक काय म्हणतील?”

“हो पुढं, म्हणतो ना.”

द्वारकाबाई पदर सावरून लाजत पुढं झाल्या आणि तात्यासाहेब लग्नानंतर प्रथमच बायकोच्या मागून चालू लागले. सुरुवातीला त्यांना तो संथपणा सोसेना. पाय नुसते शिवशिवत होते. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. डावा पाय टेकला की द्वारकाबाई अर्धा क्षण थांबत होत्या. वाटेतल्या खांबाला त्यांनी सहज लावावा तसा हात लावला, पण सगळा भार त्या हातावर दिला. पुढं बाक आला, तिथंही तेच. चपलेतून टाच सुजून बाहेर आली होती. यात रमणं नव्हतं आणि डुलणंही नव्हतं. तात्यासाहेबांना स्वतःची लाज वाटली.

“द्वारका, पाय कधीपासून दुखायलाय?”

“दिवाळीपासून.”

“मग सांगायचं की मला.”

त्या वळल्या. आवाजात राग नव्हता. “तुम्ही तिकडं, मी इकडं. एवढ्या लांबून वरडून सांगायची गोष्ट व्हती का ती?”

पैठणच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. वाहकानं “चला, चला” म्हणून हाळी दिली. तात्यासाहेबांनी तिकडं बघितलंही नाही. त्यांनी बायकोला बाकावर बसवलं आणि सगळ्या स्टँडादेखत स्वतः खाली फरशीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला.