कुलपातला जवाब

माझे सासरे हौसेराव. मी त्यांना मामा म्हणते. उभा जन्म त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या, आणि दर साली यात्रेला साताऱ्याकडच्या आमच्या गावी जाऊन भेदिक गायलं. भेदिक म्हणजे दोन फडांचं गाण्यातलं भांडण. तुरेवाल्यांनी सवाल टाकायचा, आमच्या कलगीवाल्यांनी जवाब द्यायचा. सवाल आला की आधी डफावर थाप मारून 'मान्य' म्हणायचं, उत्तर येत असो नसो. जो मान्य म्हणत नाही तो गायच्या आधीच हरला.

तुऱ्याच्या मानसिंग शाहिराचा एक सवाल आमच्या फडाला दर साली आडवा येत होता. त्याचा जवाब फक्त मामांच्या गुरूंना, जोतीराम शाहिरांना येत होता, पण ते थकून फडावर उभे राहायचे थांबले होते. त्यांनी आयुष्यात काही कागदावर उतरवलं नाही. मरायच्या आधी मार्केटात गोणीवर बसून त्यांनी तो जवाब मामांच्या खिशातल्या प्लेयरमध्ये गायला. मामांचा मोबाईल साधा बटणांचा, म्हणून प्लेयर. गाणी वाजवतो, आवाज भरून घेतो, घरच्या वायफायवर कंपनीचे अभंगही येतात. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू.

यात्रा आठवड्यावर आली. मामांना शेवटचा अंतरा सोडून सगळं पाठ झालं होतं. आणि एका सकाळी प्लेयरनं विचारलं, 'नवीन व्हर्जन आले आहे. मान्य / अमान्य?'

मामांनी मान्य दाबलं. जन्मभर दुसरं काही म्हटलंय का त्यांनी?

प्लेयर बंद होऊन चालू झाला. अभंग वाजले. जोतीराम शाहिरांच्या नावासमोर कुलूप.

आम्ही सीवूड्सच्या मॉलमधल्या कंपनीच्या काउंटरवर गेलो. तेजश्री नावाची मुलगी होती. गोड बोलली.

"काका, टेन्शन नका घेऊ. रेकॉर्डिंग कुठे गेलं नाही. आतच आहे."

"आतच हाय ना? मग वाजव की."

"तसं नाही होत. नव्या फर्मवेअरमध्ये रेकॉर्डिंग दर वर्षी पैसे भरायच्या प्रो पॅकमध्ये गेलं."

"गेलं म्हंजी? पायानं गेलं?"

मी विचारलं, "फर्मवेअर म्हणजे नक्की काय?"

"मशीनला कसं वागायचं ते आत शिकवलेलं असतं ना मॅडम, ते."

"म्हणजे कालपर्यंत ते मालकाला ओळखत होतं. आज तुम्ही त्याला शिकवलंत, पैसे दिल्याशिवाय ओळख दाखवू नको."

ती हसली. मी हसले नाही. "जुनं व्हर्जन परत टाका."

"अलाऊड नाही."

"फाईल कॉम्प्युटरवर काढून द्या."

"ती आमच्याच प्लेयरवर उघडते."

म्हणजे नवं काही द्यायचं नाही. बटण होतं तेच, सुटा भागही बदलायचा नाही. आमच्याच घरातल्या दाराला बाहेरून कडी घालायची आणि कडी काढायचे दर साली पैसे. आमच्या कोपरखैरण्यात कुणी असं केलं तर सोसायटी त्याला धरून बडवेल. इथे त्याला अपग्रेड म्हणतात.

तरी मी कार्ड काढलं. यात्रा तोंडावर होती. तेजश्रीनं स्क्रीन फिरवली. अटींची लांबलचक भेंडोळी, खाली मान्य, अमान्य.

मामा म्हणाले, "उज्वला, थांब. काय लिवलंय ते समदं वाच. एकदा फसलो."

मी वाचत गेले. मधेच होतं, 'ग्राहकाने केलेली रेकॉर्डिंग कंपनी आपल्या सेवेसाठी वापरू शकेल.'

"म्हंजी शाहिरांचा जवाब ह्यांचा हुनार?"

"काका, ते फक्त लिहायला असतं. कोण नाही वाचत."

"त्यांनी पोटच्या पोराला दिला न्हाई, पोरी. मला दिला." मामांनी प्लेयर उचलून खिशात टाकला. "अमान्य."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

यात्रेत मानसिंगनं तोच सवाल टाकला. मामांनी थाप मारली, मान्य म्हटलं, गायले, आणि शेवटच्या अंतऱ्याला थांबले. लोक खाकरू लागले. निकाल तुऱ्याकडे गेला. मग रिवाजाप्रमाणे सवाल टाकायची पाळी मामांची. त्यांनी तो उभ्या उभ्या बांधला: "वस्तू म्या इकत घेतली, आवाज माझ्या गुरूचा, कुलूप तिसऱ्याचं. शाहीर, सांगा, धनी कोन?"

मानसिंगनं डफ उचलला. सगळे मान्यची वाट बघत होते. त्यानं डफ खाली ठेवला.

"हौसेराव, कसलं कुलूप?"

मामांनी खिशातून प्लेयर काढून त्याच्या हातात दिला. त्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. दिवा लागला, आवाज नाही.

"जोतीरामदादा ह्यात हायत?"

"हायत."

मानसिंगनं चारचौघांत आईवरून शिवी घातली. कंपनीला. फडात शिवी चालत नाही, पण पंचांनी ती चालवून घेतली.

प्लेयर आता माझ्या टेबलावर आहे. वायफाय मी काढून टाकलंय. तरी चालू केला की तो प्रो पॅकचं विचारतो, मान्य / अमान्य? मी रोज अमान्य दाबते, आणि चार्जिंगला लावते.