पंधरा दिवसांची शाबासकी

कुणी नशेचा डोस जास्त होऊन मरता मरता वाचलं, की दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दारात हजर. मी नर्स, आणि माझ्याबरोबर मास्तर. मास्तरांनी कधी शाळेत शिकवलं नाही. सात वर्षं सुया टोचून घेतल्या आणि त्यातून सुटले, म्हणून वस्तीनेच दिलेली ही पदवी. लोक आधी आम्हाला पोलीस समजतात, मग काहीतरी विकणारे समजतात. दोन्ही वेळा तोंडावर दार लावतात.

असाच वाचलेल्या एका वेल्डरच्या ताईने मात्र आत बसवून चहा ठेवला. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत तो, तिचा धाकटा भाऊ. न्हाणीघरात निळा पडलेला तो तिलाच सापडला होता. श्वास थांबला तर नाकात मारायचा फवारा मी तिला दोनदा वापरून दाखवला.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. ताईचा चेहरा फुलला होता. भावाने इतक्या दिवसांत काही म्हणजे काही घेतलं नव्हतं. दोन वेळा जेवत होता, दुकानाचं शटर त्याने नीट करून दिलं होतं. तो दारात उभा राहून ओशाळं हसत होता. मी त्याला शाबासकी दिली. तेवढ्यात मास्तरांनी मला कोपर मारलं. डोस, औषध यांबद्दल नर्सनेच बोलायचं, असा आमचा नियम. आणि काय बोलायचं ते मला पक्कं ठाऊक होतं: इतके दिवस थांबलं की शरीराची सवय मोडते, मग पूर्वीचंच माप जीव घेतं. पण हे सांगायचं म्हणजे, तू पुन्हा घेणारच, असं त्याला तोंडावर म्हणायचं. माझी जीभ रेटेना. पुढच्या खेपेला सांगू, म्हटलं. रस्त्यात मास्तर चिडले, तर मी त्यांनाच सुनावलं, की दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालायची तुम्हाला फार हौस.

चार दिवसांनी ताई कापड आणायला बाहेर गेली असताना त्याने घेतलं. फवारा मारायला घरात कुणी नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारपाजारचे जमले होते. उंबऱ्यातूनच पळून जावंसं वाटलं मला. ताई रडत नव्हती. तिने मला जवळ बसवलं आणि माझा हात धरला.

"जास्त नव्हतं हो घेतलं त्याने, सिस्टर," ती म्हणाली. "पुडी मी बघितली. नेहमी घ्यायचा तेवढंच घेतलं होतं. मग असं कसं झालं?"

मी तिचा हात सोडला नाही, आणि तिला सांगायला लागले.